श्वासाचा रकाना

कोणत्याही जनरल वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडून पाहा. तापाची रेघ वरखाली झालेली असेल, नाडी ७८, ९२, ११० अशी बदलत गेली असेल, रक्तदाबाचे आकडेही रोज निराळे असतील. श्वासाच्या रकान्यात मात्र २०, १८, २०, २०, १८. न्यूमोनियाचा रुग्ण असो, हर्नियाचं ऑपरेशन झालेला असो की साप चावून आलेला, सगळे अगदी शिस्तीत मिनिटाला वीस श्वास घेतात. हा फक्त आपल्याकडच्या सरकारी इस्पितळांचा प्रकार नाही. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथेही १८ आणि २० याच दोन आकड्यांचे डोंगर उभे राहिलेले दिसले. त्याआधी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकाने श्वसनदराला थेट ‘दुर्लक्षित’ असंच म्हटलं होतं.

दुर्लक्ष कशाकडे होतंय हेही तोवर माहीत होतं. वॉर्डात दाखल असताना अचानक हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णांच्या आधीच्या नोंदी १९९३ मध्ये तपासल्या गेल्या. मिनिटाला २७ हून जास्त श्वास ही खूण नाडी आणि रक्तदाबापेक्षा अधिक बोलकी निघाली. यात नवल नाही. रक्तात ऑक्सिजन कमी पडला, आम्ल वाढलं, फुप्फुसात पाणी साठलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, मधुमेहात कीटोन वाढले, काहीही झालं तरी शरीराचा पहिला उपाय एकच असतो: श्वास वाढवणं. त्यामुळे बराच वेळ बाकीचे आकडे जागेवर राहतात. घर चाललेलं दिसतं, पण उधारीवर. ऑक्सिमीटरवरचं ९६ म्हणजे घर चाललंय एवढंच. उधारी किती झाली हे श्वासाचा वेग आणि त्याला पडणारे कष्ट सांगतात. श्वासाच्या रुग्णाच्या परिचर्येबद्दल जे जे लिहिलं-शिकवलं जातं, त्याचा गाभा माझ्या मते ऑक्सिमीटरचा आकडा आणि ही उधारी या दोन गोष्टी एकत्र वाचण्यात आहे. अलीकडे यंत्राच्या सोयीमुळे पहिलीच वाचली जाते.

मोजायचं कसं हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही पाठ असतं: पूर्ण एक मिनिट, आणि रुग्णाला न सांगता. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस निराळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून अनुभवी सिस्टर नाडीसाठी मनगट धरते, नाडी मोजून झाली तरी सोडत नाही. धरलेला तोच हात रुग्णाच्या छातीवर अलगद आडवा टेकवते आणि सेकंदकाट्याकडे बघत त्या हाताचं वरखाली होणं मोजते. रुग्णाला वाटतं, नाडीच चालू आहे. पांघरूण जाड असेल तर ते आधी कमरेपर्यंत खाली घ्यावं लागतं, नाहीतर उथळ श्वास दिसतच नाही. घाईत पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची पद्धत सर्रास आहे. तिच्यात एका श्वासाची चूक चाराची होते, आणि उत्तर कायम १६, २०, २४ असंच येतं, मधले आकडे येऊच शकत नाहीत. शिवाय श्वास अनियमित असेल, म्हणजे वाढत वाढत जाऊन थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा, तर त्या पंधरा सेकंदांत काय हाती लागेल हे नशिबावर.

यंत्र नसताना, किंबहुना अक्षरओळखही नसताना हे काम होऊ शकतं, हे गडचिरोलीत सिद्ध झालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांमध्ये बालन्यूमोनिया ओळखायला आणि गावातच प्रतिजैविक द्यायला आरोग्यसेवक आणि सुईणींना शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: ज्या गावांत हे झालं तिथले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होते. पुढचं मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. ओळी दोन, कारण तान्ह्या बाळाची मर्यादा वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन. बाळ शांत असताना मोजायचं, रडताना नाही. वेगाबरोबर छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का हे पाहायचं. ‘पोट उडतंय’ म्हणून आजी जे सांगते ते बहुधा हेच असतं, आणि ते ऐकून घेण्यासारखं असतं.

मोठ्यांमध्ये १२ ते २० हा सर्वसाधारण दर. पण आकड्याआधी डोळ्यांचं काम सुरू झालेलं असतं, वॉर्डाच्या दारातूनच. रुग्ण पुढे वाकून हात गुडघ्यांवर किंवा कॉटच्या कडेवर टेकून बसलाय का? मानेच्या शिरा आणि स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होतात का? नाकपुड्या फुलतात? श्वास सोडताना ओठ चंबूसारखे करतो? श्वास घेताना छाती वर जाते तेव्हा पोट आत जातंय का? हे शेवटचं दिसलं तर श्वासपटल थकलेलं आहे आणि हातात वेळ थोडा आहे. नंतर बोलणं. ‘जेवण झालं का, काका?’ याला उत्तर काय मिळतं यापेक्षा ते किती तुकड्यांत मिळतं ते महत्त्वाचं. दम्याच्या झटक्यात एका श्वासात एक वाक्य पूर्ण होत नसेल, श्वास २५ किंवा जास्त असेल, अथवा नाडी ११० किंवा जास्त असेल तर तो झटका तीव्र समजायचा, हा ब्रिटिश मार्गदर्शिकेतला निकष कॉटपाशी उभ्या उभ्या तपासता येतो.

विचारण्याची बाजू आपल्याकडे थोडी कच्ची राहते, कारण पुस्तकातले प्रश्न आपल्या घरांसाठी लिहिलेले नसतात. रात्री किती उशा लागतात, हा हृदयाच्या रुग्णाला विचारायचा ठरलेला प्रश्न. ज्या घरात उशीच नाही तिथे तो फुकट जातो. ‘आडवं झोपता येतं, की भिंतीला टेकून रात्र काढता?’ असं विचारलं की लगेच उत्तर येतं. ‘दम लागतो का?’ याला बायका बहुतेक वेळा नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. दम लागणारी कामंच त्यांनी एकेक करून सोडलेली असतात. हंडा आता सून आणते, माडीवर जाणं बंद झालंय. पूर्वी करत होता आणि आता सोडलं असं काय, हा प्रश्न जास्त कामाचा. आपल्याच वयाच्या बाईबरोबर सपाट रस्त्याने चालताना मागे पडता का, हाही. चुलीचा धूर किती वर्षं, हे विचारल्याशिवाय तर पुढे जाऊच नये. कधी विडीला हात न लावलेल्या माणसांना होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारावर पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हापासून या प्रश्नाला टाळायला सबबही उरलेली नाही.

कफाचा डबा पाहणं हे कोणालाच आवडत नाही, म्हणून ते मावशींवर सोडलं जातं. गुलाबी फेस आला तर फुप्फुसात पाणी उतरलंय आणि डॉक्टरांना बोलवायला धावायचं. गंजासारखा रंग न्यूमोनियाकडे बोट दाखवतो, रक्ताची रेघ आपल्याकडे तरी आधी क्षयाची आठवण करून देते. स्टेथोस्कोपबद्दल मात्र थोडं हात राखून लिहितो. रेने लाएनेकने १८१६ मध्ये पॅरिसला कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली, तिथपासून हे साधन डॉक्टरांचं मानलं गेलं आणि आपल्याकडच्या अनेक वॉर्डांत सिस्टरच्या गळ्यात ते फक्त रक्तदाबासाठी असतं. पाठीच्या दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का, शिट्टी आहे की बुडबुडे, एवढं ओळखायला विशेषज्ञ व्हावं लागत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येकीला माहीत असलीच पाहिजे: दम्याच्या रुग्णाची शिट्टी अचानक ऐकू येईनाशी झाली आणि तो अजून धडपडतोच आहे, तर तो बरा झालेला नाही. हवाच आत जाईनाशी झाली आहे.

रात्रीच्या वॉर्डात एक प्रसंग इतक्यांदा घडतो की त्याला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. सात नंबरचे आजोबा संध्याकाळपर्यंत शांत होते. दोन वाजता ते मास्क ओढून काढतात, सलाइन उपसायला बघतात, ‘मला घरी न्या’ म्हणून ओरडतात. बाजूचे रुग्ण वैतागतात, नातेवाईक म्हणतो झोपेचं इंजेक्शन द्या. मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याची ही अगदी सुरुवातीची खूण असू शकते. निळेपणा फार नंतर येतो, कारण दर १०० मिलिलिटर रक्तातलं साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना झाल्याखेरीज ओठ निळे दिसत नाहीत. ज्याचं हिमोग्लोबिन मुळात ६-७ आहे तो निळा न पडताच जाऊ शकतो. म्हणून अस्वस्थ रुग्णाला झोपवण्याआधी मास्क परत लावून श्वास मोजणं, बोट तपासणं, उठवून बसवणं हा क्रम ठरलेला हवा. झोपेचं इंजेक्शन श्वास आणखी मंद करतं.

आता ऑक्सिमीटर. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीत ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ही कल्पना मांडली. तांबडा आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून सोडायचा आणि नाडीच्या ठोक्यागणिक तो किती शोषला जातो त्यावरून रक्तातलं ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन किती टक्के, म्हणजे सॅच्युरेशन, ते काढायचं. २०२० च्या एप्रिलमध्ये, त्यांचं यंत्र घरोघरी पोहोचत असतानाच, ते वारले. या चिमट्याने किती जीव वाचवले याचा हिशेब मांडता येणार नाही, त्यामुळे त्याच्या मर्यादा सांगताना त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण मर्यादा माहीत नसलेल्या हातात तो धोक्याचा आहे.

पहिली मर्यादा रक्ताच्या स्वभावाची. ९० टक्के सॅच्युरेशन म्हणजे धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटर. त्याच्या वर आलेख जवळजवळ सपाट असतो, खाली तीव्र उतार. म्हणजे ९८ वरून ९३ पर्यंत यायला बराच बिघाड व्हावा लागतो, ८८ वरून ७५ वर यायला थोडाच पुरतो. दुसरी मर्यादा, यंत्र टक्केवारी सांगतं, ऑक्सिजन एकूण किती हे नाही. हिमोग्लोबिन १४ असलेल्या आणि ७ असलेल्या दोघींचंही बोट ९८ दाखवेल. पहिलीच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १८ मिलिलिटर ऑक्सिजन असेल, दुसरीच्या ९. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने सांगितलं. तेव्हा ही अडचण कागदावरची नाही.

तिसरी मर्यादा विषाची. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून बेशुद्ध पडलेली मुलगी कॅज्युअल्टीत आणली जाते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन यंत्राला ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं, त्यामुळे आकडा छान येतो. इथे आकड्यापेक्षा ‘कुठे सापडली?’ हा प्रश्न जीव वाचवतो. थंडगार बोट, उतरलेला रक्तदाब, गडद नेलपॉलिश, काळी मेंदी ही नेहमीची कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. लाटेचा आकार नीट येत नसेल तर कानाची पाळी धरायची, बोट चोळून गरम करायचं. मात्र कातडीच्या रंगाचा मुद्दा बराच काळ कोणी गंभीरपणे घेतला नव्हता. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं खरं सॅच्युरेशन ८८ च्या खाली असण्याची पाळी गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आली, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. ते अमेरिकेतले रुग्ण होते आणि त्यांचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण सावळ्या रुग्णाच्या बोटावरचं ९३ पाहून निर्धास्त होऊ नये, इतकं तरी त्यातून घ्यावं.

चौथी मर्यादा सगळ्यांत कमी समजलेली. ऑक्सिजन आत जाणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ऑक्सिमीटर दुसऱ्याबद्दल अक्षरही सांगत नाही. ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध चालू असलेल्या रुग्णाला नाकातून ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मिनिटाला ७ वर आला तरी सॅच्युरेशन बराच वेळ ९७ राहतं. तोवर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. रुग्ण ‘छान झोपलाय’ असं नातेवाईकांना वाटतं. तो हाक मारल्यावर नीट जागा होतो का, हे तपासणं हाच इथे ऑक्सिमीटरपेक्षा चांगला इशारा.

जुन्या सीओपीडीच्या रुग्णात गोष्ट उलट्या बाजूने घडते. धाप पाहून घाबरून ऑक्सिजन पूर्ण उघडला जातो. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या अशा ४०५ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांत ९ टक्के दगावले, ८८ ते ९२ च्या बेताने मोजून दिलेल्यांत ४ टक्के. आता मार्गदर्शिका हेच सांगतात: कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असेल तर ८८ ते ९२, बाकीच्यांना ९४ ते ९८. म्हणजे ऑक्सिजन हे औषध आहे, आणि त्याचा डोस सॅच्युरेशनशेजारी लिहिला नाही तर नोंद अर्धवट राहते. हवेवर ९६ आणि १० लिटरच्या मास्कवर ९६ यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण चार्टवर दोन्ही ‘९६’. सीओपीडीचा रुग्ण गुंगीत जायला लागला, हात गरम लागले, हात पुढे करायला सांगितल्यावर पंजे फडफडले, तर रक्तवायूंची तपासणी मागायची. त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ च्या पुढे गेलेला सापडेल.

कोविडने या साऱ्याची उजळणी सक्तीने करून घेतली. सॅच्युरेशन ८०च्या घरात आणि रुग्ण मोबाइलवर गप्पा मारतोय, असं दृश्य अनेकांनी पाहिलं. तिथे बोटावरच्या चिमट्याची खरी किंमत कळली. त्याचबरोबर बसून ९६ असलेल्याला सहा मिनिटं चालायला लावण्याचा साधा उपायही महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने २०२१ मध्ये घरोघरी पोहोचवला. चालल्यावर आकडा घसरला तर इस्पितळ गाठायचं. त्याच वर्षीच्या लाटेत नंदुरबार जिल्ह्यात ‘ऑक्सिजन नर्स’ ही नेमणूक झाली. ठरावीक वेळाने प्रत्येक रुग्णाचं सॅच्युरेशन तपासायचं आणि गरज नसेल तिथे प्रवाह कमी करायचा, एवढंच तिचं काम. ऑक्सिजनच्या टँकरची राज्यभर वाट पाहिली जात असताना एका सिस्टरच्या नेमाने केलेल्या तपासणीमुळे ऑक्सिजन वाचतो, हे त्या जिल्ह्याने दाखवलं. लाट ओसरल्यावर ती नेमणूक इतरत्र कायमची का झाली नाही, हे मला कळलेलं नाही.

मोजल्यानंतरचा प्रश्न: ऐकणार कोण? इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ ही गुणपद्धत मला म्हणूनच आवडते. तिने सिस्टरच्या हातात बेरीज दिली. मघाचेच आजोबा घ्या. सॅच्युरेशन ९५, त्याचा १ गुण. ऑक्सिजन चालू आहे, २ गुण. नाडी १०४, १ गुण. श्वास २८, ३ गुण. बाकी ताप, रक्तदाब, शुद्ध सगळं ठीक धरलं तरी बेरीज ७, आणि ७ म्हणजे डॉक्टरांनी ताबडतोब येणं. श्वासापुढे सवयीने २० लिहिले असते तर बेरीज ४ झाली असती आणि निवासी डॉक्टर सकाळच्या राउंडपर्यंत झोपले असते. गुणपद्धत नसलेल्या वॉर्डात ‘सर, पेशंट बरा वाटत नाहीये’ एवढंच सांगता येतं, आणि त्यावर ‘सॅच्युरेशन किती?’ असं विचारून फोन ठेवला जातो. खरं तर त्या ‘बरा वाटत नाहीये’मध्येही तथ्य असतं. परिचारिकांना वाटणाऱ्या काळजीवरचे अभ्यास नेदरलँड्समध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा श्वासातला बदल त्या काळजीच्या खुणांमध्ये ठळक निघाला.

राहिला वेळेचा प्रश्न, तो खोटा नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. रात्रपाळीला अनेक ठिकाणी अख्खा वॉर्ड एकाच सिस्टरकडे असतो. तीस जणांचा एकेक मिनिट श्वास मोजायचा तर तेवढ्यातच अर्धा तास गेला, आणि इंजेक्शनं, सलाइन, नोंदवह्या तशाच राहिल्या. अतिदक्षता विभागातले मॉनिटर छातीच्या हालचालीवरून श्वास मोजतात, पण वाट बंद झालेली असताना नुसती छाती हलली तरी ते श्वासच धरतात, त्यामुळे तिथेही नजर लागतेच. वॉर्डात निवड करावी लागते. पाळी सुरू होताना आधी ऑक्सिजनवर असलेले, मग त्या दिवशी ऑपरेशन झालेले आणि वेदनाशामक चालू असलेले, मग नवीन दाखल झालेले, आणि ज्याच्याबद्दल नातेवाईक म्हणाला की हे कालपेक्षा काहीतरी वेगळं वाटतंय, तो. एवढ्यांचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा. बाकीच्यांचा मोजता आला नाही तर रकाना मोकळा ठेवायची मुभा मेट्रनने द्यावी. मोकळी जागा पाहून पुढच्या पाळीची सिस्टर निदान मोजायला तरी जाईल.